शोकेसमधली शेवटची बाटली

मित्रांनो, आधी नाक पुढे करा, कान नंतर! मी एक जुनी बाटली आहे. पण साधीसुधी नाही हं. दाढी झाल्यावर पुरुष गालांवर जो सुगंध चोळायचे, त्याची मी चौकोनी, जाड काचेची, काळ्या टोपणाची बाटली. मला हजारो बहिणी होत्या. आता मी एकटीच उरले आहे आणि माझ्या पोटात थेंबभरसुद्धा सुगंध नाही. तरी मी खुशीत आहे. का, ते सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद काच साच्यात पडली, थंड झाली आणि झाले मी! तिथून मला सुगंधाच्या कारखान्यात नेलं आणि एका मोठ्या टाकीतून माझ्यात फिकट हिरवं पाणी भरलं. पाणी कसलं, अख्खी बागच होती ती. सगळ्यात वर लिंबाची साल. टोपण उघडलं की ती सगळ्यांच्या आधी धावत बाहेर यायची आणि पाच मिनिटांत पसार व्हायची. तिच्यामागून जांभळी लॅव्हेंडरची फुलं, सावकाश, ऐटीत. आणि तळाशी झाडाच्या खोडावर वाढणारं करडं शेवाळ आणि वाळलेलं गवत. ही दोघं एकदा गालावर बसली की संध्याकाळपर्यंत हलायची नाहीत.

मी गेले एका सलूनमध्ये. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, गरम टॉवेलांचा डबा आणि सलूनवाले काका. काकांचा हात म्हणजे काय सांगू! दाढी झाली की ते मला तळहातावर एकदाच उलटी करायचे, दोन्ही हात एकमेकांवर घासायचे आणि गिऱ्हाइकाच्या गालांवर फटाफट चापट्या मारायचे. गिऱ्हाईक "स्स्स!" करायचं, डोळे गच्च मिटायचं, आणि उघडायचं तेव्हा दहा वर्षांनी तरुण झालेलं असायचं. मुलाखतीला निघालेले, लग्नाला उभे राहिलेले, बायकोशी भांडून समजूत काढायला निघालेले, सगळ्यांना मी सोबत केली. एक मास्तर तर म्हणायचे, "दाढी राहू द्या एक वेळ, पण ते हिरवं लावा." केवढा मान!

मग कारखान्याने मला बनवणं बंद केलं. तरुण मुलं दाढी राखू लागली, डब्यातले फवारे उडवू लागली. काकांकडे मी शेवटची उरले, चार बोटं भरलेली. त्यांनी मला वापरणं थांबवलं आणि रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमध्ये मानाने उभं केलं. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचे. रोज दुपारी दोन वाजता माझ्यावर ऊन यायचं आणि मी पाचूसारखी चमकायचे. मला वाटलं, वा, काय थाट! अशी कितीतरी वर्षं गेली. मी हळूहळू हिरव्याची पिवळी झाले, पिवळ्याची तपकिरी. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही ना.

एक दिवस सुगंधाच्या कारखान्यातून एक ताई आली. सुगंध रचणं हेच तिचं काम. आत्तापर्यंत तिने साबणांचे वास केले होते. आता साहेबांनी तिला पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं, मला नव्या रूपात परत आणायचं. जमलं तर पुढचे सुगंध तिचे, नाही जमलं तर पुन्हा साबण. पण माझ्या कृतीच्या कागदावर अर्ध्या ओळींत नुसतं "मिश्रण क्रमांक सात", "मिश्रण क्रमांक बारा" असं लिहिलेलं होतं, आणि ती मिश्रणं करून देणारा कारखाना कधीच बंद पडला होता. म्हणून ती गल्लोगल्ली मला शोधत फिरत होती.

"काका, ही बाटली विकत द्याल?"

"नाही."

"मग उसनी?"

"वास उसना नेतात का गं कधी? परत काय देशील, रिकामी काच?"

ताईचा चेहरा पडला. ती जायला वळली, तेव्हा काकाच म्हणाले, "थांब. ने. पण एक अट आहे. नवीन झालं की पहिला वास मी घेणार. साहेबबिहेब नंतर."

अशी मी तिच्या प्रयोगशाळेत पोहोचले. तिथे शेकडो छोट्या कुप्या, नाजूक तराजू आणि वास घ्यायच्या कागदाच्या पट्ट्या. एका यंत्रात माझा थेंब घातला, तर माझ्यात काय काय आहे ते सांगणारे डोंगरच डोंगर कागदावर उमटले! पूर्वीच्या शेवाळाने काहींच्या कातडीला खाज सुटायची, म्हणून तिने धुऊन निवळलेलं शेवाळ घेतलं. थेंब थेंब करत माझी दोन बोटं संपली. ताईने तीस वेळा केलं, तीस वेळा ओतून दिलं. एकतिसाव्या वेळी तिने दोन पट्ट्या नाकाशी धरल्या आणि जागच्या जागी उडी मारली. तिचा वास आणि माझा वास अगदी एक!

साहेब सतत घड्याळ बघायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणत. ते खूश झाले. "सोमवारी टाकी भरा," म्हणाले.

पण ताईला शब्द आठवला. ती मला आणि नवी कुपी घेऊन सलूनमध्ये धावली. काकांनी नवा सुगंध तळहातावर घेतला, हात घासले, वास घेतला. पुन्हा घेतला. आणि तळहात खाली केला.

"काय झालं काका?"

"पोरी, वाईट वाटून घेऊ नको. हा तर जुन्या, बंद कपाटाचा वास आहे."

"असं कसं? बाटलीशी तंतोतंत जुळतोय!"

"बाटलीशी जुळतोय गं. पण बाटली तरी आता पहिल्यासारखी कुठे राहिलीय? हिच्यात लिंबू होतं. नख लावलं की सालीचा फवारा कसा अंगावर उडतो, तसं. ते कुठंय?"

ताईने मला उचलून उजेडात धरलं. मग शोकेसकडे बघितलं. दुपारचे दोन वाजले होते आणि माझ्या रिकाम्या जागेवर ऊन पडलं होतं.

मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्यातली लिंबाची साल उन्हाने केव्हाच खाल्ली होती, फुलं कोमेजली होती. मी तीन महिने तिला माझं म्हातारपण दाखवत होते आणि ती बिचारी तेच मन लावून उतरवून घेत होती!

काका खुर्चीत मटकन बसले. "मीच ठेवली गं उन्हात. मला वाटलं, मान देतोय."

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ती सरळ साहेबांकडे गेली. "साहेब, टाकी भरू नका. माझं चुकलंय."

"बाटलीशी जुळतंय ना? मग?"

"बाटली म्हातारी झालीय. लोकांना ती तरुण असतानाची आठवते."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "शुक्रवारपर्यंत. नाहीतर तुम्ही साबणाकडे."

दुसऱ्या दिवशी काका दुकानाला कुलूप लावून प्रयोगशाळेत हजर! स्टुलावर बसले, डोळे मिटले, तळहात पुढे केला. माझी उरलेली दोन बोटंही कामाला लागली, कारण तळाचं शेवाळ आणि गवत अजून माझ्यात जिवंत होतं. वरचं मात्र काकांच्या आठवणीतूनच यायचं होतं.

"लिंबू वाढव. अजून. अजून गं, काय कंजूष पोरगी आहेस! हां... थांब. आता मागून फुलं."

गुरुवारी संध्याकाळी ताईने एक नवी कुपी दिली. काकांनी वास घेतला आणि एक डोळा उघडला. "हे काय आहे? हे तर पहिल्यात नव्हतं."

"आल्याचा अर्क. पहिलं फार झोंबायचं, ते मी कमी केलं. पण तरतरी तर हवी ना? पहिल्यात नव्हतं काका. हे माझं आहे."

काका किती तरी वेळ तळहात नाकाशी धरून बसले. ताईचा श्वास अडकला होता आणि माझाही, मला श्वास नसून!

"राहू दे," काका म्हणाले. "चांगलं आहे."

शुक्रवारी साहेब पट्टी मागू लागले. काका म्हणाले, "पट्टीला गाल असतात का? बसा इथे." आणि त्यांनी घड्याळसाहेबांच्या गालांवर फटाफट दोन चापट्या मारल्या! सगळे गार. साहेबांनी "स्स्स!" केलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा ते हसत होते. "माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी... हाच," ते म्हणाले. मग गालावरचा हात हुंगून, "पण हे त्याहून ताजं आहे. भरा टाकी." त्यानंतर ते बराच वेळ तिथेच गाल चोळत बसले. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

ताई आता नवे सुगंध रचते. मी तिच्या कपाटात, सावलीत, पूर्ण रिकामी. काकांची मी ऋणी आहे, त्यांनी माझं खरं रूप आठवलं. ताईची ऋणी आहे, तिने चूक कबूल केली आणि मला नुसतं परत आणलं नाही, पुढे नेलं. मला सलूनच्या आरशासमोर उभ्या असलेल्या माझ्या नव्या बहिणीचाही हेवा वाटत नाही. ती रोज दोन बोटं रिकामी होते म्हणे. भाग्यवान आहे!

मित्रांनो, तुमच्याही घरात बाबांनी किंवा आजोबांनी जपलेली एखादी बाटली असेल. ती आधी उन्हातून काढा. मग ती त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "आज लावा ना." ते म्हणतील, "आज कशाला, आज काय आहे?" तुम्ही मुळीच ऐकू नका. टोपण उघडा.