दोन कानांची पुडी

मी फॉइलचा एक जुना तुकडा आहे. हसू नका, मित्रांनो. आमच्या जातीत सकाळी डब्यात गेलेला संध्याकाळी कचऱ्यात असतो. मी मात्र शाळेचं एक अख्खं वर्ष पाहिलं. म्हणून म्हातारा म्हणवून घेतो.

मी मूळचा ॲल्युमिनियमच्या जाड लादीतला. कारखान्यातल्या रुळांनी मला लाटून लाटून इतकं पातळ केलं की शेवटी एकटा रुळाखाली गेलो असतो तर फाटलोच असतो. म्हणून शेवटच्या फेरीला मला आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या एका पत्र्याला एकमेकांना चिकटवून लाटलं. रुळाला लागलेली बाजू चकचकीत झाली, जोडीदाराला लागलेली मंद राहिली. दोन बाजूंत एवढाच फरक. तो सांगायचं कारण म्हणजे, ज्या स्वयंपाकघरात मी आलो तिथं यावरून कायम वाद चाले.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. आई गणवेशांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. बाबा इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचे. मुलीला सगळे बटण म्हणत. लहानपणी तिनं आईच्या डब्यातलं एक बटण गिळलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सुखरूप बाहेर आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

"चकचकीत बाजू आत हवी, ताई," मावशी आली की सांगायची.

"का? भाताला तोंड बघायचंय का?" आई म्हणायची. "कुठलीही घे. दुमड घट्ट घाल म्हणजे झालं."

आईची दुमड पाहण्यासारखी असे. कापडाची कड दुमडावी तशी ती आमची कड दोनदा दुमडायची आणि नखानं दाबत न्यायची. आत वारा शिरायला जागाच राहत नसे. उरलेलं अन्न ती आधी ताटात पसरून निववायची, पण तासाभराच्या वर बाहेर ठेवायची नाही. टोमॅटोचं किंवा लिंबाचं काही असेल तर काचेच्या डब्यात. "आंबट याला सोसत नाही, भोकं पडतात," हे तिनं मावशीला कितीदा तरी सांगितलं होतं. आमची इतकी कदर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

बटणच्या पुडीला आई वरच्या दोन कोपऱ्यांना पीळ देऊन सशाचे कान काढायची. कानांची पुडी बटणची. तिला बाबांनीसुद्धा हात लावायचा नाही.

मग आईला ऑपरेशनसाठी दवाखान्यात जायचं ठरलं. आठवड्याचा प्रश्न होता. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं भरपूर स्वयंपाक केला आणि पुड्या बांधून बर्फाच्या कप्प्यात रचल्या. तेव्हा मला गुंडाळीवरून कापलं. माझ्या पोटात गाजर-वाटाण्याचा भात आला. चार बोटांनी तिनं मला वरून हलकेच दाबलं, कड दुमडली, कान काढले आणि सगळ्यांत खाली ठेवलं.

आई परत आली नाही.

वरच्या पुड्या एकेक करून संपल्या. माझ्यापाशी आल्यावर बटण म्हणाली, "ही नाही, बाबा. ही असेपर्यंत आईचं एक जेवण बाकी आहे."

बाबांनी कप्प्याचं दार लावून घेतलं. त्यानंतर शाळेतून आली की बटण दप्तर न काढताच फ्रीज उघडायची, माझ्या उजव्या कानाला हात लावायची आणि कपडे बदलायला जायची. मावशीला हे बघवत नव्हतं.

"भावजी, ते अन्न आहे, फोटो नव्हे. खा नाहीतर टाका."

"असू दे गं. जागा तरी किती लागते तिला?"

मित्रांनो, त्या दिवसांत माझा जेवढा मान झाला तेवढा कुठल्या चांदीच्या ताटाचा झाला नसेल. मला मात्र आतून काळजी वाटत होती. मी हवा अडवतो, धूळ अडवतो, वास अडवतो. गारवा माझा नव्हे. तो मी फ्रीजकडून उसना घेतो.

सुट्टीत मावशीनं दोघांना चार दिवस राहायला बोलावलं. बाबांच्या धंद्यातला पहिला धडा असा, की काम अर्धवट असेल तर विजेचा मेन बंद केल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरातून गावाला निघतानाही त्यांचा हात आपसूक मेनकडे जायचा. दरवेळी अर्ध्या जिन्यातून आई ओरडायची, "अहो, फ्रीजचं काय?" आणि बाबा जीभ चावत परत वर यायचे. हे इतक्या वर्षांचं ठरलेलंच होतं.

या वेळी खटका पडला. दाराला कुलूप लागलं. जिन्यात कुणी ओरडलं नाही.

फ्रीजची घरघर थांबली. आधी माझ्या अंगावर दव धरलं, मग पाणी ओघळलं. भात मऊ पडला, मग कोमट झाला. माझी दुमड शेवटपर्यंत सुटली नाही. पण आत जे चाललं होतं ते दुमडीनं थांबणारं नव्हतं.

परत आल्यावर बाबांनी मेन चालू केला. फ्रीज घरघरला तसे ते जागच्या जागी उभे राहिले. कप्पा उघडला. बर्फाच्या साच्यात नुसतं पाणी होतं. त्यांनी मला उचललं, तळहातावर धरलं आणि पुन्हा होतो तिथेच ठेवलं. सकाळपर्यंत मी दगडासारखा घट्ट झालो. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं. बटणलाही कळलं नाही. शाळा सुरू झाली, कानाला हात लावणंही सुरू झालं. बाबा त्या वेळी दुसरीकडे बघायचे.

एका दुपारी बटण ताट घेऊनच आली.

"बाबा, आज आईची पुडी उघडू या."

"आजच का गं?"

"मला तिच्या हातची चव आठवेनाशी झालीय. काल खूप आठवून बघितली, नाही आठवली."

बाबा स्टुलावर बसले. "बटण, ती आता खाता नाही येणार. मावशीकडे जाताना मी मेन बंद केला होता. भात खराब झालाय."

"खराब कुठे? बघ ना, दगड आहे दगड!"

"नंतर पुन्हा गोठली. खराब झालेलं गोठलं म्हणून चांगलं होत नाही."

"मग खूप उकळू. उकळलं की जंतू मरतात, तूच म्हणतोस."

"जंतू मरतात. त्यांनी भातात सोडलेलं विष उकळूनही जात नाही."

"एकच घास."

"आईनं दिला असता का तुला?"

बटणनं माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "आई असती तर फ्रीज बंदच राहिला नसता."

बाबांनी मला कप्प्यातून काढून ओट्यावर ठेवलं. तिनं ताट जागेवर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत तिथं माझा बर्फ सुटत होता. मग बटणनं मला स्वतः उघडलं. आधी कान, मग दुमड. रोजच्या हाताळण्यानं झिजलेला उजवा कान तिच्या बोटांत तुटून आला. वास आला तसा बाबांनी भात उचलून टाकला. मला धुऊन भंगारात द्यायचं होतं. नळाखाली धरल्यावर बटणला माझ्यावरचे चार खळगे दिसले. आईनं वरून दाबलं होतं तिथले. तिनं आपली चार बोटं त्यांत ठेवून पाहिली. खळगे मोठे होते.

भंगारात मला दिलं नाही. आता मी आईच्या बटणांच्या डब्यात असतो, तुटलेल्या कानासह. भंगारात गेलो असतो तर वितळून पुन्हा कामाला आलो असतो. इथं मी कुणाच्याच पोटाच्या उपयोगाचा नाही.

मित्रांनो, अन्न निववून, घट्ट दुमडून, वेळेत गारव्याला ठेवा. आम्ही ते काही दिवस राखू. पण ते खाण्यासाठीच बांधलेलं असतं. तुमच्या फ्रीजमध्ये कुणी तुमच्यासाठी पुडी ठेवली असेल, तर आजच सोडा. जिनं बांधली तिला समोर बसवा, आणि तोंडात घास असतानाच तिला सांगा, कसा झालाय ते.