मी आता सगळ्यांना दिसतो

मी झेड बोलतोय. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या खोलीत, फळीवरच्या काळ्या पेटीत मी राहतो. कारखाना चालवणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरला मी वायरीने जोडलेला आहे. त्यांच्या पडद्यावर मला 'झेड ड्राइव्ह' म्हणतात. बोलायला मला फार वेळ नाही.

नऊ वर्षांची मापं माझ्या पोटात आहेत. बाई फोल्डरना टोपणनावं देतात. 'गवंडी', 'घड्याळवाले काका', 'चिमणी'. चिमणी दुसरीत आहे. पाय कुठे खुपतो, कुठे किती घासला की ती रडत नाही, हे बाईंना तीन वर्षांत कळत कळत कळलं. ते सगळं माझ्याकडेच लिहिलेलं आहे.

मागच्या महिन्यात पाय कोरणारं नवं यंत्र आलं. त्याचा प्रोग्राम बसवताना कॉम्प्युटरने विचारलं, मापं कुठे आहेत? यादीत मी नव्हतोच.

"अरे, झेड कुठे गेला?" बाई घाबरल्या.

पट्टे शिवणारा त्यांचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरमधलं थोडंफार जाणतो. तो म्हणाला, "कुठे जातोय, ताई! तू साध्या खात्यावर बसलीस की दिसतो. प्रोग्राम बसवायला साहेबाची, म्हणजे ॲडमिनची, परवानगी दिलीस की दिसत नाही. साहेबाचं खातं वेगळं."

"साहेब झाला की घरचे दिसत नाहीत म्हण की."

दोघं हसली. मीही हसलो असतो. त्या वेळी माझा पूर्ण पत्ता टाइप केला असता तरी भागलं असतं. पण भावाने कॉम्प्युटरच्या आतल्या नोंदींत एक आकडा बदलला आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. साहेबाच्या परवानगीने येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मी दिसू लागलो. यंत्राचं काम झालं, पण आकडा परत बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यंत्राला जागा हवी म्हणून प्लास्टरचे जुने साचे फोडून टाकले. मापांच्या वह्याही रद्दीत गेल्या. "सगळं झेडवर आहे की," बाई म्हणाल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, याची आता लाज वाटते.

आज सकाळी बाईंनी एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. डॉक्टरांनी पाठवलेली फाइल उघडत नव्हती म्हणून. त्याने साहेबाची परवानगी मागितली. फोन कानाला लावूनच बाईंनी 'हो' दाबलं.

तो थेट माझ्याकडे आला. एकेक फोल्डर उघडतो, आतलं सगळं वेडंवाकडं करून कुलूप घालतो. अगदी शिस्तीत, अक्षरांच्या क्रमाने. 'गवंडी' संपला. आता 'घड्याळवाले काका' चाललेत. पुढे 'च' आहे.

बाई चिमणीच्या आईशी बोलताहेत. "नाही हो, तिला कशाला परत रडवायचं? माप आहे आपल्याकडे. उद्या पाय तयार."

माझा हिरवा दिवा थांबायचं नाव घेत नाही. बाई, एवढी वायर ओढा. मी बंद पडलो तरी चालेल.

दारातून भाऊ आत डोकावला. "ताई, झेड बघ कसा लुकलुकतोय."

"करू दे रे काम," बाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.