समुद्राचा उतार

“अहो, त्यांना सांगा, चहा गार होतोय.”

ओट्यापाशी उभ्या असलेल्या चंद्रभागानं हे म्हणताना मागं वळूनही पाहिलं नाही. ‘त्या’ म्हणजे तिची एकुलती एक मुलगी तेजस्विनी. ती तिथंच, आईच्या पायांपासून हातभर अंतरावर पाटावर बसून भाकरी खात होती.

“तेजू, चहा गार होतोय,” खंडेरावानं इमानदारीनं निरोप पोचवला.

“आबा, आईला सांगा, मला गारच आवडतो.”

“ऐकलं का, ती म्हणती—”

“मला कान हाईत,” चंद्रभागा म्हणाली आणि पातेलं जरा जास्तच जोरात आदळलं.

तेजस्विनी सुट्टीला विंचूरला आल्यापासून घरात असंच चाललं होतं. आल्या आल्या तिनं बातमी सांगितली होती. गोव्याच्या ज्या संस्थेत ती समुद्राचा अभ्यास करत होती, तिथून एक जहाज निघणार होतं आणि त्यावर तिचा नंबर लागला होता. दीड-दोन महिने पाण्यावर. फोन लागला तर लागला. खंडेरावानं बातमी ऐकून पेढे आणले. चंद्रभागानं पेढा देवापुढं ठेवला, आणि तेव्हापासून लेकीशी ती एक शब्द बोलली नव्हती.

खंडेराव पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. पाटाच्या काठानं सायकल हाकत जायचं, पाण्याची दारं उघडायची, बंद करायची, पाळी कुणाची यावरून भांडणारे शेतकरी शांत करायचे, यात त्याचं उभं आयुष्य गेलं. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, “पोरगी काय करती?” की तो म्हणायचा, “आमच्याच खात्यात हे म्हणायचं. फक्त तिचा पाट जरा मोठा हे.”

चंद्रभागा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. तिथं तिच्या शेजारी बसणाऱ्या पुतळाबाईनं सांगितलं होतं की समुद्रातल्या लाटा दुमजली घराएवढ्या असतात. पुतळाबाईनं समुद्र टीव्हीवर पाहिला होता, तेवढ्यावर तिचा अधिकार मोठा होता.

पण चंद्रभागाचा अबोला पुतळाबाईमुळं नव्हता. चंद्रभागा लहान असताना तिचा धाकटा भाऊ पाटात पाय घसरून पडला होता, तो परत वर आलाच नव्हता. पुढं लग्न झालं तेही पाटकऱ्याशी. नवरा कामावर निघाला की ती रोज दारात उभी राहायची आणि एकच सांगायची, “काठाकाठानं जाऊ नका.” खंडेराव रोज ‘हो’ म्हणायचा आणि रोज काठाकाठानंच जायचा. दुसरा रस्ताच नव्हता. आता लेक तर काठ सोडूनच निघाली होती.

त्या दुपारी चंद्रभागानं फ्रीज उघडला आणि ओरडली, “अहो! त्यांना विचारा, बर्फाच्या ट्रेमध्ये हे काय करून ठेवलंय?”

ट्रेमधला बर्फ निळाशार होता. तेजस्विनीनं त्यात कपड्यांची नीळ घातली होती.

“आबांसाठी हे,” तेजस्विनी हसत म्हणाली. “काल ते विचारत होते ना.”

आदल्या दिवशी खंडेरावानं खरंच विचारलं होतं. “पाट वाहतो, कारण त्याला उतार दिलेला असतो. उतार नसला तर पाणी जागचं हलत नाय. मग समुद्राला उतार कुठंय? हौदातलं पाणी कधी वाहतं व्हय?” हा प्रश्न लेक गोव्याला गेल्यापासून त्याच्या मनात होता. विचारायला मात्र तो लाजत होता.

तेजस्विनीनं अंगणात मोठी परात मांडली, पाण्यानं भरली आणि त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांचे बारीक तुकडे टाकले. मग वाकून एका बाजूनं सावकाश फुंकर घालत राहिली. पापुद्रे पलीकडच्या काठाकडं निघाले. काठाला अडल्यावर दोन्ही अंगांनी वळले आणि कडेकडेनं परत तिच्याकडं आले.

“आरं तिच्या!” खंडेराव गुडघ्यांवर बसला.

“वारा पाणी ढकलतो, आबा. अडलं की ते वळतं. पृथ्वी फिरते, तिच्यामुळंपण वळतं. आणि उतार असतो बरं का समुद्राला. वारा एकीकडं पाणी लोटत राहतो, म्हणून तिकडं ते जरा उंच होतं.”

“किती उंच?”

“हजारो मैलांत हातभर समजा.”

“हातभर!” खंडेराव खदखदून हसला. “एवढ्या उतारात तर माझी शेतातली साधी चारी चालायची नाय. इंजिनिअर सस्पेंड होईल!”

“आणखी ऐका. जगात बऱ्याच ठिकाणी प्रवाह वर्षभर एकाच दिशेनं जातात. आपल्याकडचे पावसाळ्यात एकीकडं जातात आणि हिवाळ्यात उलटे फिरतात.”

“उलटे? पाट उलटा?” तो उभाच राहिला. “कोण फिरवतं?”

“वाराच. मान्सूनचा वारा फिरला की पाणीपण फिरतं. कुठं कोमट पाणी साठलं, कुठं खालून गार वर आलं, त्यावर आपल्याकडं पाऊस किती, हेसुद्धा बरंचसं अवलंबून असतं.”

“म्हंजी आमच्या धरणाचं खरं हापिस तिकडं हे.”

चंद्रभागा दारात बसून लसूण सोलत होती. पाठ त्यांच्याकडं केलेली. पण सोललेल्या पाकळ्या टोपलीत आणि सालं वाटीत पडत होती, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मग तेजस्विनीनं काचेची बरणी आणली, तिच्यात कोमट पाणी ओतलं आणि निळ्या बर्फाचा एक खडा अलगद वर सोडला. बर्फ तरंगत राहिला. त्याच्या खालून मात्र निळा धागा निघाला, मग दुसरा, मग तिसरा. वळणं घेत ते तळाशी गेले आणि तळावर पसरत निघाले.

“गार पाणी जड,” तेजस्विनी सांगू लागली. “खारट असलं तर आणखी जड. पार दोन्ही टोकांना, बर्फाच्या प्रदेशात, असं पाणी तळाला बसतं. मग तळातळानं हळूहळू चालत निघतं. माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात, तेव्हा ते कुठंतरी पुन्हा वर येतं.”

“येतं वर?”

हा आवाज खंडेरावाचा नव्हता. चंद्रभागा वळून बरणीकडं बघत होती.

तेजस्विनीनं बरणी आईला दिसेल अशी सरकवली. मग म्हणाली, “येतं, आई. लय वेळ लागतो. पण तळाला गेलेलं पाणी वर येतं.”

चंद्रभागा उठून जवळ आली. बरणीला हात लावला. “आन आपल्या पाटाचं?”

“बरंचसं रानात जिरतं. उरलेलं ओढ्यानं गोदावरीला जातं. गोदावरी तिकडं पूर्वेला, बंगालच्या समुद्राला मिळते. तिथून हिवाळ्यात प्रवाह किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली उतरतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि त्यातलं थोडं पाणी आपल्या बाजूला वर येतं. केरळ, मग गोवा. आम्ही जहाजावरून तेच मोजणार आहोत. नद्यांचं गोडं पाणी कुठवर पोचलं ते.”

चंद्रभागानं बरणी उचलून उजेडात धरली. निळं पाणी आता बरणीभर फिकट पसरलं होतं.

“लोणच्याची बरणी हे ती,” शेवटी ती म्हणाली. “नीट धुऊन ठेव.” आणि आत जाता जाता थांबली. “कधी निघायचं तुला?”

“परवा.”

“मी येते सोडायला.”

खंडेराव दारावर रेलून उभा होता. तो जवळजवळ पडलाच.

गोव्याला पोचल्यावर चंद्रभागानं आधी समुद्र बघायचा हट्ट धरला. जहाज बंदरात होतं आणि तिथं पाण्याला हात लावता येणार नव्हता, म्हणून तेजस्विनी दोघांना सकाळीच किनाऱ्यावर घेऊन गेली. दुमजली लाटा कुठंच नव्हत्या. पाणी पायाशी येत होतं, फेस सोडून मागं जात होतं. चंद्रभागानं चपला काढल्या, पदर खोचला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. दर लाटेला ती “अगं बाई” म्हणून मागं सरकत होती आणि लाट ओसरली की दोन पावलं पुढं जात होती. शेवटी तिनं वाकून ओंजळभर पाणी घेतलं.

“यातलं आपलं कोणतं?” तिनं विचारलं.

“ते नाही सांगता येत, आई. सगळं मिसळलंय.”

“बरं हे,” चंद्रभागा म्हणाली. “एकटं नाय राह्यलं.” ओंजळ तिनं कपाळाला लावली आणि हळूच पाण्यात सोडली. खंडेराव किनाऱ्यावर तिच्या चपला हातात धरून उभा होता. तो दुसरीकडं बघू लागला.

जहाजावर घरच्यांना थोडा वेळ जाऊ देत होते. शिडी चढताना चंद्रभागानं डोळे मिटले होते. वर पोचल्यावर उघडले ते थेट स्वयंपाकघरातच. तिथला आचारी केरळचा होता. त्याला भाकरी माहीत नव्हती. “चपाती, चपाती,” तो हसून म्हणाला. चंद्रभागानं पिशवीतून ठेच्याचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. “रोज थोडा थोडा. एकदम नाय.” त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं मान डोलावली आणि डबा सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

मागच्या डेकवर माणसापेक्षा उंच पिवळी नळकांडी बांधून ठेवली होती. ती समुद्रात सोडायची. मग ती खोल जातात, प्रवाहाबरोबर हिंडतात, मधून मधून वर येऊन आपली खबर कळवतात, असं तेजस्विनीनं सांगितलं. तेवढ्यात दोन दांडगे खलाशी एक नळकांडं हलवू लागले. तेजस्विनी वळून एवढंच म्हणाली, “नको, तिथंच राहू दे. आधी दोर बदला.” दोघं लगेच थांबले. “येस मॅडम,” म्हणाले आणि दोर आणायला धावले.

चंद्रभागानं नवऱ्याच्या दंडाला कोपर मारलं. “बघितलं का?”

“मी पाटावर ओरडतो तर एक गडी ऐकत नाय,” खंडेराव म्हणाला.

निघायची वेळ झाली. तेजस्विनी पाया पडायला वाकली. चंद्रभागानं तिला उठवलं, तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले. ती काय सांगणार हे खंडेरावाला माहीत होतं. त्याचे ओठही ‘काठाकाठानं जाऊ नको’ असं पुटपुटू लागले. पण चंद्रभागा थांबली. समोर काठ नव्हताच.

“पोटभर जेवत जा,” ती म्हणाली. “आन सगळं नीट बघून ये. आल्यावर मला सांगायचं तू.”

“सगळं सांगीन.”

जहाज हललं तेव्हा कळलंही नाही. दोघं उभी होती तो धक्का आणि जहाज यांच्यामध्ये आधी पाण्याची एक पट्टी दिसली, मग ती रुंद होत गेली. तेजस्विनी कठड्याशी उभी राहून हात हलवत होती. खंडेरावानं टोपी हलवली, मग रुमाल, मग पुन्हा टोपी. चंद्रभागा मात्र हात छातीशी धरून उभी होती आणि हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर निपाणीला उतरणारी एक बाई होती. चंद्रभागाचे लाल डोळे बघून तिनं हळूच विचारलं, “लेकीला सासरी सोडून आलात वाटतं?”

“नाय. कामावर सोडून आले.”

“लांब आहे का काम?”

“लांब हे,” मागच्या सीटवरून खंडेराव पुढं वाकला. “त्याचं असं हे बाई, की समुद्रामधी—”

“तुम्ही थांबा,” चंद्रभागा म्हणाली. “मी सांगते.”

तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली, पाय वर घेऊन मांडी घातली आणि त्या बाईला नीट बसता यावं म्हणून खिडकीकडं सरकली.