नॉर्वेतलं मत

सुगतदादानं नॉर्वेत मत दिलं आणि आमच्या आबांनी पूर्णेत पेढे वाटले. मला मात्र त्या दिवसापासून धड जेवण जाईना.

दादा माझा थोरला भाऊ. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्याच्या खोलीतलं सगळं सामान जाळलं, तेव्हा चिडून म्हणाला होता, "विद्यापीठाला नाव लागलं की परत येईन." शिकायला गेला तो तिकडंच नोकरीला लागला. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात त्यानं फोनवर सांगितलं, इथल्या संसदेची निवडणूक आहे, आत्ताच मत देऊन आलो.

"आख्ख्या देशात माणसं किती, तर परभणी-नांदेड मिळून होतील तेवढी," आबा गल्लीभर सांगत सुटले. "अन् तिथलं सरकार आपला सुगत निवडायलाय!" रेल्वेत सांधे बदलण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांचा ऊर भरून आला होता. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. संसदेला मत देणारा त्या देशाचा नागरिक असतो आणि तिथला झाला की आपला राहत नाही, हे पोरांना घोकून सांगते. आबांना सांगायला जीभ रेटेना. दादाचा असा राग यायचा! बाजारात जाऊन आल्यासारखं सांगतात का हे?

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. गल्लीत निळा गुलाल उधळला, माय नवं लुगडं नेसली. आबा मनमाडकडून येणारी गाडी बघायला रोज स्टेशनात जायला लागले. एकटेच परत आले की मी उगीच भांडी आपटायचे.

पुढं मतदार यादी तपासायचं काम आम्हा शिक्षकांवर आलं. आमची गल्ली माझ्याकडेच. दर वेळी दादाच्या नावापुढं आबा लिहायला लावायचे, 'बाहेरगावी, येणार आहे.' मी तेच लिहायला पेन टेकवलं.

"काट ते नाव," आबा हळूच म्हणाले.

"आबा?"

"त्याला तिकडं मत हाय. एका माणसाला दोन देश कसे आसतील? पेढे घेतानाच कळलं व्हतं मला."

"मग रोज स्टेशनात कशाला जाता?" माझा आवाज चढला.

त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं. "तुझी माय वाट बघायलीय म्हून. काट तू. न्हाईतर इलेक्शनला कुणीबी येऊन सुगतच्या नावावर मत टाकून जाईल."

मी नाव खोडलं.

"आवं," आतून मायची हाक आली, "गाडीची येळ झाली की."

आबांनी चपला घातल्या.