गल्लीची डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे. पण जुनी म्हणून मला भंगारात काढू नका. अजून शंभर माणसांचा पुलाव मी हसत शिजवते!

नाशिकच्या तांबट आळीत मी घडले. विणकरांच्या एका गल्लीने घराघरांतली फुटकी भांडी गोळा केली आणि तांबटाने ती वितळवून, ठोकून मला आकार दिला. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने मला न्यावे आणि घासूनपुसून पुन्हा कडुलिंबाखाली पालथी घालून ठेवावे, असा रिवाज होता. ईदची खीर माझीच. गल्लीतल्या नवसाबाईंकडे पाहुणे आले की न्हाणीचे पाणीही माझ्यातच तापे.

सन चौतीसच्या उन्हाळ्यात एका कचेरीचा नवा मुकादम बेवारस सामान उचलायला गाडी घेऊन आला. "डेग कुणाची?" त्याने विचारले.

"माझी नाय," इसाक विणकर म्हणाला. शेजारच्या खातूनबीनेही तेच सांगितले, नवसाबाईंनी मान हलवली. सगळ्यांची वस्तू आपली एकट्याची कशी म्हणायची? प्रामाणिकपणा नडला तो असा! मुकादमाने माझ्या पोटावर खडूने लिहिले, 'बेवारस', आणि मला गाडीत चढवले.

बेवारस म्हणजे जिला वारस नाही ती. मला भारी राग आला. कचेरीच्या आवारात एक भंगारवाला मला वाजवून पाहून गेला. शुक्रवारी लिलाव होता, म्हणजे माझे तुकडे ठरलेले. त्याच संध्याकाळी खातूनबीच्या लेकीचा, रेहानाचा निकाह होता आणि शिजवायला दुसरे भांडे नव्हते.

शुक्रवारी सकाळी अख्खी गल्ली आली. कारकून वेणीमाधवराव म्हणाले, "मालक कोण? एकाने पुढे या."

"खाला, तुझी म्हण, सुटंल," इसाक कुजबुजला.

"लेकीच्या निकाहाला खोट्याचं जेवण घालू व्हय?" खातूनबी उसळली आणि कारकुनाकडे वळली. "रावसाहेब, ही माझी एकटीची नाय. हिच्यात माझ्या सासूची परात हाय, इसाकच्या बापाचा तोटीचा बधना हाय, या नवसाबाईचा हंडा हाय. आमी समदे हिचे वारस. कमी पडत असतील तर आनखी बोलावते!"

वेणीमाधवराव खो खो हसले. त्यांनी उपरण्याच्या टोकाने खडू पुसून टाकला. मला तर वाटले, आत्ताच कल्हई झाली!

मित्रांनो, चार जणांची वस्तू चार जणांनी सांभाळावी. 'माझी नाही' म्हणून मान फिरवली, की मुकादम खडू घेऊन येतोच. त्या संध्याकाळी मांडवात एका पाहुण्याने सहज विचारले, "डेग कुणाची हो?"

अख्खी गल्ली एका सुरात म्हणाली, "आमची!"