मायलेकींचा फिकेपणा

मित्रांनो, घाबरू नका, सुई माझ्याकडे नाही. मी रक्तातल्या पेशी मोजणारं एक जुनं यंत्र आहे. सार्डिनिया बेटावरच्या एका डोंगरी गावात, दवाखान्याच्या अडगळीत पडून आहे. माझ्या डोक्यावर कुणीतरी रंगाचे डबे ठेवलेत. चालायचंच!

दूरच्या कारखान्यात माझी जुळणी झाली. आधी बोटीतून, मग घाटातून धक्के खात मी इथे आलो. माझं काम साधं होतं. रक्ताचा थेंब पातळ करून मला पाजायचा. माझ्या पोटात केसाच्या जाडीचं छिद्र आहे. त्यातून एकेक तांबडी पेशी सरकली की ती मला कळायची. पेशी किती आहेत आणि केवढ्या आहेत, दोन्ही मी सांगायचो. त्याआधी डॉक्टर स्पेरान्झा मेलिस सूक्ष्मदर्शकात डोळे घालून पेशी मोजत. मी आलो आणि त्यांच्या डोळ्यांची सुटका झाली. त्या मला लाडाने "माझं कष्टाळू गाढव" म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

एका सकाळी गोनारिया आली. कडेवर अंगावर पिणारं बाळ, झग्याला बिलगलेली सहा वर्षांची इत्रिया आणि मागे काळ्या कपड्यांतली सासू, मुंदिका. इत्रिया फिकी होती. आजीने पाण्यात गहू टाकून तिची दृष्ट काढली होती. लोहाचं औषध पाजून झालं होतं. आमच्याकडे कुणी फिकं दिसलं की त्याला घोड्याचं मांस खाऊ घालतात, तेही झालं होतं. गुण काही येईना.

"डॉक्टरीणबाई, ही पोरीला उपाशी मारते!" मुंदिका कडाडली. "माझा मुलगा जर्मनीत घाम गाळतोय आणि इथे पोर बघा, चुन्यासारखी पांढरी. रविवारी मी तिला माझ्या घरी नेणार. कायमची!"

"आई, मांसाचा तुकडा न् तुकडा तिच्याच ताटात वाढते हो," गोनारिया पुटपुटली.

"मग जातो कुठे? मांजर खातं?"

"मला आईजवळच राहायचंय," इत्रिया रडू लागली. माझ्या तारा पिळवटल्या, मित्रांनो. पण मला बोलता कुठे येतं? मला फक्त मोजता येतं.

डॉक्टरांनी पोरीचं रक्त घेतलं. मग त्या गोनारियाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बाई, तुमचाही हात द्या बघू."

दोन नळ्या माझ्यापुढे आल्या. दोन्हींतल्या पेशी बारीक! नुसता आकार बघितला असता तर दोघींनाही लोहच दिलं गेलं असतं. पण पोरीच्या पेशी बारीक असून चिक्कार होत्या. आईच्या बारीक, आणि त्याही थोड्याच. डॉक्टरांनी पेन्सिल घेऊन आकाराला संख्येने भागलं. पोरीचं उत्तर दहाच्या आसपास आलं, आईचं अठरा.

"हे तेराच्या खाली आलं की रक्तातला पिढीजात दोष असण्याचा संशय घ्यायचा," त्या म्हणाल्या. "वर गेलं की बहुधा लोह कमी. हा नुसता इशारा आहे. खात्रीसाठी नमुने शहरात पाठवते. पण गोनारिया, पोरीच्या ताटात सगळं वाढून तुम्ही काय खाता?"

"भाकरी... उरलेला रस्सा."

"वर बाळाला पाजता! आजारी तुम्ही आहात, बाई. पोर धडधाकट आहे. तिचा हा रंग कुणाकडून तरी वारशाने आलाय. आईकडून, नाहीतर बापाकडून."

"आईकडूनच!" मुंदिका म्हणाली.

"बाप जर्मनीत आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पण बापाची आई इथेच उभी आहे."

मुंदिकाने सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि हळूच काळी बाही वर सारली. तिच्या पेशी मोजताना मला इत्रियाच्याच पुन्हा मोजतोय असं वाटलं. तशाच बारीक, तशाच चिक्कार.

पुढे शहरातूनही तेच उत्तर आलं. आजीचं देणं मुलाकडून नातीकडे गेलं होतं. इत्रियाचं लोह बंद झालं, गोनारियाचं सुरू झालं. "पोर लग्नाची झाली की आधी होणाऱ्या नवऱ्याचं रक्त तपासा," डॉक्टरांनी बजावलं. "दोघांतही हेच असेल तर त्यांच्या बाळाला भारी पडतं."

मुंदिकाने मान डोलावली. मग तिचा बांध फुटला. "देणं माझं, आणि बोल मी तुला लावत होते गं!" तिने सुनेच्या कडेवरचं बाळ आपल्याकडे घेतलं. "पोर कुठे जात नाही. मीच येते तुमच्याकडे. तू जरा पाठ टेक."

मित्रांनो, आता माझ्याहून हुशार यंत्रं आली आहेत, मला त्यांचा हेवा नाही. त्यांना एवढंच सांगा, की आकार पाहा तशी संख्याही पाहा. आणि तुम्ही एखाद्या फिक्या पोराला तपासायला नेलंत, तर त्याच्या आईलाही हात पुढे करायला सांगा. ती आपणहून कधीच सांगणार नाही.