कोरडी दाढ

"काका, आता बोलायचं नाही हं. अगदी हूं की चूं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खुर्चीतल्या काकांनी मान डोलावली आणि, नाही, मी कुठे बोलतोय, असं म्हणत बोलायला सुरुवात केली.

दवाखान्यात त्यांना सगळे रेडिओकाका म्हणत. उजवीकडे चावायला त्यांची ही एकच दाढ उरली होती, आणि तिच्यातलं फिलिंग दोनदा निकामी झालं होतं. डॉक्टरबाईंनी आज स्पष्टच सांगितलं होतं, की ही शेवटची खेप. पुन्हा कडेनं पाणी शिरलं, तर दाढ काढावी लागेल.

त्यांच्या शेजारी मदतनीस ताई लाळ ओढणारी नळी धरून उभ्या होत्या. गालाच्या आत कापसाच्या सुरळ्या बसवायच्या, जीभ बाजूला धरायची आणि दात कोरडा ठेवायचा, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. मसाला धरावा म्हणून दाढेला लावलेली निळी जेल धुऊन टाकली, की दाढ खडूसारखी पांढरी दिसू लागते. तिथून मसाला भरून, तो घट्ट करायला त्यावर दिवा धरेपर्यंत लाळेचा थेंब लागता कामा नये. लागला, तर फिलिंग वरून छान दिसतं, पण दाताला धरत नाही. केसाएवढी फट राहते आणि तिच्यातून चहासुद्धा आत झिरपतो.

दाढेभोवती रबराचा पडदा ताणून लावला, की काम सोपं होई. पण काका तो लावूच देत नसत. जीव गुदमरतो म्हणत. ताईंना ते पटे. पडदा लावला, की बोलता येत नाही.

मागच्या खेपेला ऐन मोक्याला काका म्हणाले होते, "आमच्या सासूबाईंना बोलका जावई भारी पसंत पडला. का, माहितीये? त्यांना ऐकू येत नव्हतं." ताईंना फिसकन हसू फुटलं. नळी जराशी सरकली आणि लगेच जागेवर आली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण महिन्याभरात दाढ ठणकायला लागली, आणि तेव्हापासून ती ताईंच्याही मनात ठणकत होती.

घरी कुलूप उघडल्यापासून सकाळपर्यंत, देवापुढे म्हणायचं तेवढंच काय ते एकट्या ताईंच्या तोंडून निघे. म्हणून रेडिओकाका यायचे असले, की त्यांचं पाऊल दवाखान्याकडे जरा लवकरच वळे.

आज जेल लावली, धुतली, वाऱ्यानं दाढ सुकवली. ताई मनातल्या मनात नामस्मरण करत होत्या. तेवढ्यात काकांची नजर त्यांच्याकडे वळली. कापसाआडून, ओठ न हलवता, ते पुटपुटले, "आता घरात ऐकणारा मीच एकटा."

नळी बाजूला ठेवून काहीतरी बोलावं, असं ताईंना वाटलं. पण हात हलला नाही, मानही हलली नाही. डोळे दाढेवरच राहिले. दिव्याचा निळा उजेड पडला, विझला, पुन्हा पडला. काका मग गप्पच झाले.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी सुईच्या टोकानं कड चाचपून पाहिली. टोक कुठेच अडकलं नाही. आता यायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. काकांनी हळूच विचारलं, की ताई आपल्यावर रागावल्यात का. छे हो, असं म्हणून डॉक्टरबाई हात धुवायला गेल्या.

बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी ताई बसथांब्यावर आल्या, तर बाकावर काका सफरचंद कापत बसलेले. ताईंचा चेहरा त्यांनी मास्कशिवाय कधी पाहिलाच नव्हता. ते सरकून बसले. "बसा ना बाई. बस काय, येईल तेव्हा येईल." आणि सुरूच झाले. बोलता बोलता गाडी दाढेवर आली.

"डॉक्टरबाईंचा हात सोन्याचा हो. त्यांची ती मदतनीस मात्र दगड. मी तिला हसवायला जिवाचं रान करतोय, आणि बाई ढिम्म."

"दाढ बरी आहे ना पण?" ताईंनी विचारलं.

"बरी? हे बघा." काकांनी एक फोड उजवीकडे धरून कराकरा चावली.

ताईंची बस आली, थांबली. कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. ताईंनी नुसतीच मान हलवली, तशी बस निघून गेली. काका दुसरी फोड कापत होते, आणि बोलत होते.